जनाज्याच्या गाडीचा डावा पत्रा

पांगानीच्या खाऱ्या हवेत लोखंड चारचौघांत गंजतं आणि अ‍ॅल्युमिनियम रंगाच्या आड कुजतं. कोंबो शेहेला हे जवळपास प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागे. "अ‍ॅल्युमिनियमला गंज नसतो म्हणतात, मग हे फुगे कसले?" असं विचारत माणूस आला की कोंबो नखाने एखादा फुगा टिचकवी. आतून पांढरी भुकटी सांडे, पिठाचा डबा उघडताना सांडते तशी. "हाच याचा गंज," तो म्हणे. "लाल नाही म्हणून तुम्हाला ओळखू येत नाही."

त्याची पत्राकामाची जागा नदीच्या मुखाशी होती. एका अंगाला पलीकडच्या ब्वेनी गावाला जाणाऱ्या तरीचा धक्का, दुसऱ्या अंगाला वाळत घातलेली मासळी, डोक्यावर जंगली बदामाचं झाड. भिंती नव्हत्याच. झावळ्यांचा एक आडोसा होता, तोही रंग मारताना धूळ उडू नये म्हणून. आडोशामागे पावसाच्या पाण्याची पिंपं असत, कारण इथल्या विहिरी मचूळ आणि उघड्या पत्र्यावर मचूळ थेंब वाळला की सगळी मेहनत फुकट. लोखंडाचा तारेचा ब्रश वेगळा, अ‍ॅल्युमिनियमचा वेगळा. या दुसऱ्या ब्रशला कुणी चुकूनही हात लावला तर कोंबो घरच्या माणसावरही खेकसे.

त्या सकाळी सेफू मशिदीची गाडी घेऊन आला. लांब पाठीची, अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाची ही जुनी गाडी पूर्वी घायपाताच्या मळ्यावर मजूर वाहत असे. आता गावातले जनाजे वाहते. मागचा भाग बंद पेटीसारखा. खिडकी नाही. दार पाठीमागून, आणि त्याची कडी बाहेरून.

"काय रे टकल्या, अजून आहेस?" सेफू उतरता उतरता ओरडला. "मी मुद्दाम मोकळी गाडी आणली. म्हटलं, जाता जाता तुला भरून नेऊ."

"तू चालवणार असशील तर मी कबरस्तानात पायी जाईन."

"पायी? तुमच्या कुळात धड चालतो कोण? सगळे बदकासारखे फेंगडे!"

सेफूच्या कुळाचं आणि कोंबोच्या कुळाचं नातं चेष्टेचं होतं. आजे-पणजे कधीकाळी एकमेकांशी लढले आणि मग समेट झाला, तेव्हापासूनचं. अशा नात्यात शिवी द्यायची, शिवी खायची, पण रागवायचं नाही. मयताच्या घरीसुद्धा चेष्टेकऱ्याला मोकळीक असते. सगळे रडत बसलेले असताना तो मेलेल्याच्या खोकण्याची नक्कल करतो, आणि रडणाऱ्यांना हसू फुटतं.

"बघ तुझी करणी," म्हणत सेफूने गाडीच्या डाव्या अंगाकडे बोट केलं.

फुगे पत्र्याच्या ऐन मध्यावर आले होते. कोंबोला ते पटेना. अ‍ॅल्युमिनियम सडतं ते कडेकडेने, पोलादी रिव्हेटच्या भोवती, जिथे दोन धातू एकमेकांना लागतात आणि ओल धरते तिथे. म्हणून तो प्रत्येक जोडाखाली जुन्या ट्यूबच्या रबराची पट्टी घाली. मध्यावर ना जोड, ना रिव्हेट. शिवाय हा पत्रा जुना नव्हता. मळ्यावरचा मूळ पत्रा चाळण झाला होता, तो काढून टांगा शहरातून आणलेल्या कोऱ्या पत्र्यातून कोंबोने हा स्वतः कापला होता.

"हात आहे," सेफू म्हणाला.

"कुठे?"

"अरे, फुग्यांचा. जरा लांबून बघ, म्हाताऱ्या."

कोंबो मागे सरला. खरंच हात होता. बोटं वर केलेला, पंजा पसरलेला, पुऱ्या वाढलेल्या पुरुषाचा.

उलट त्याला हायसं वाटलं. "मग सोपं आहे. प्रायमर मारायच्या आधी उघड्या पत्र्याला कुणीतरी हात लावलाय. घामाचं मीठ आत राहतं, आणि मग हळूहळू वर येतं."

"जनाज्याबरोबर चालताना सगळेच हात लावतात की."

ते खरं होतं. पूर्वी जनाजा खांद्यावरून जाई आणि जो तो खांदा द्यायला पुढे धावे. गाडी आली तसा खांदा गेला. मग लोकांनी गाडीला हात लावून चालायची रीत पाडली.

"ते रंगावरून लावतात. तो घाम धुऊन जातो. हे रंगाखालचं आहे."

"म्हणजे तुझाच हात."

"मी मोजे घालतो."

"मग तुझ्या बायकोचा. नवरा दिवसभर पत्रा कुरवाळत बसतो, तर पत्र्यात आहे तरी काय, बघायला आली असेल!"

सेफू कॉफी प्यायला धक्क्याकडे गेला आणि कोंबोने काम हातात घेतलं. भोवतालचा रंग खरडला, मग पॉलिश पेपरने फुगे उतरवले. भुकटी पावसाच्या पाण्याने धुतली. फुग्यांखाली धातू खरबरीत झाला होता, देवीच्या वणांसारखा. एकेक बोट मोकळं होत गेलं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. करंगळीही नीट होती.

अनामिका मात्र आखूड होती. वरचं पेर नव्हतंच.

कोंबो ओल्या जमिनीवर खाली बसला.

धाकट्या भावाच्या, अथुमानीच्या डाव्या हाताची अनामिका अशी होती. पोरवयात जाळ्याच्या दोरीत अडकून पेर तुटलं होतं. तो अथुमानी मागच्या कोरड्या ऋतूत, उत्तरेचा वारा असताना, तीन सोबत्यांबरोबर होडीने खडकांपलीकडे मासेमारीला गेला आणि परत आला नाही. होडी सापडली नाही, वल्हं नाही, काही नाही. मशिदीला ही गाडी मिळाली त्यानंतर. हा पत्रा टांगाहून आला तो त्याच्याही नंतर.

त्या दिवशी हे कोंबोला अगदी नको होतं, त्याला कारण होतं. अथुमानीची बायको तातू गेल्या आठवड्यात त्याच्या ओसरीवर येऊन बसली होती. तातू कमी बोलणारी बाई. बराच वेळ अंगाभोवती गुंडाळलेल्या कांग्याच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"भावजी, मशिदीतले म्वालिमू म्हणतात, घरच्या मोठ्या पुरुषाने शब्द दिला तर ह्यांना गेलेले धरता येईल. नमाज होईल. मी चार महिने दहा दिवस इद्दतीला बसेन. मग मोकळी."

"हमादीचं स्थळ आलंय, कानावर आलं." हमादी ब्वेनीचा नारळाचा व्यापारी, विधुर, चांगला माणूस.

"स्थळ नसतं तरी मी आले असते," तातू म्हणाली. "भावजी, मी सौभाग्यवती आहे की विधवा, हे मला रोज सकाळी उठून ठरवावं लागतं. मासळीबाजारात बायका विचारतात, आज काय बातमी? मी काय सांगू?"

कोंबो 'बघू' म्हणाला होता. होडी सापडली नव्हती. मोझांबिकच्या किनाऱ्याला लागलेली, तुरुंगात अडकलेली, दोन-दोन पावसाळ्यांनी घरी आलेली माणसं त्याने पाहिली होती. जिवंत भावाला आपल्या तोंडाने मारायचं, हे त्याच्याने होईना. दुसरीकडे तातूचं आयुष्य त्याच्या एका शब्दावर लटकलं होतं, तेही त्याला दिसत होतं.

आणि आता हा हात.

त्याने काम पुरं केलं, कारण अर्धवट उघडा पत्रा तसाच सोडणं त्याच्या हाताला जमत नव्हतं. पत्रा थिनरने पुसला. दुहेरी मोजे घातले. पिवळट हिरवा, धातूला चावून धरणारा प्रायमर मारला, वाळू दिला, वर पुट्टीचा पातळ थर, घासणं, मग पांढरा रंग. रंग आरशासारखा बसला. सेफू गाडी घेऊन गेला.

मंगळवारी तो परत आला. या वेळी त्याने शिवी दिली नाही. नुसता गाडी उभी करून बाजूला झाला.

हात पुन्हा आला होता. त्याच जागी.

असं होऊच शकत नव्हतं. मीठ राहिलं असलं तरी रंगाखालून वर यायला महिने जावे लागतात. कोंबोने फुग्यांवरून बोट फिरवलं. फुगे ताजे, घट्ट होते. भाजल्यावर कातडीला येतात तसे.

"गावात कुणाचं असं तुटकं बोट आहे का?" त्याने विचारलं.

"तुझ्या भावाचं होतं."

"ते मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाचं?"

"कुणाचं नाही," सेफू म्हणाला. "आणि एक सांगू? मी गाडी मशिदीच्या आवारात कुलपात ठेवतो. तू गाडी दिलीस तेव्हापासून गावात कुणी मेलेलंही नाही."

कोंबोने आपला डावा पंजा त्या ठशावर टेकवला. बसेना. अंगठा उलट बाजूला येत होता. उजवा टेकवला, तो बरोबर बसला. एक क्षण त्याला बरं वाटलं. उजवा हात म्हणजे अथुमानीचा नव्हे, कारण त्याचा तुटका होता डावा.

मग त्याच्या मनात दुसरी गोष्ट आली. तो मागे गेला, कडी काढली आणि आत चढला. आत अंधार, कापराचा आणि जुन्या चटईचा वास. एका अंगाला रिकामा जनाजा, मयत न्यायची खाट, दोरीने बांधलेला. पत्रा आतून रंगवलेला नव्हता, उघडा, राखाडी.

"सेफू, बाहेरून फुग्यांवर ठोक."

टक्, टक् आवाज झाला. आवाज आला तिथे कोंबोने आतून डावा पंजा ठेवला. बाहेरून सेफू एकेका बोटावर ठोकत गेला. अंगठ्यापाशी अंगठा. करंगळीपाशी करंगळी.

डावा हात होता. फक्त आतून लावलेला.

कोंबोने विजेरी मागवून आतली बाजू निरखून पाहिली. आत डाग नाही, ओल नाही, ओरखडा नाही. आतून हात लावला तर आतला पत्रा सडेल. बाहेरच्या रंगाला फुगे येण्याचं कारणच नाही. त्याने एवढ्या वर्षांत शिकलेलं सगळं मनातल्या मनात उलटंपालटं करून पाहिलं, पण कुठेच मेळ बसेना. खाली उतरला तेव्हा उन्हात त्याला काही क्षण नीट दिसेना.

"या गाडीत आत कोण असतं, सेफू?"

"हा काय प्रश्न झाला?"

"सांग ना."

"मयत," सेफू म्हणाला. "जिवंत माणसं बाहेरून चालतात."

दुपारभर कोंबो त्या पत्र्यासमोर बसून राहिला. धक्क्यावर तरीची होडी येत होती, जात होती, माणसं नारळ चढवत होती. त्याने मनाची समजूत घातली ती अशी: भावाला बाहेर नाही, आत जागा हवी आहे. इतका वेळ मी अडून बसलो, म्हणून त्याने स्वतःच येऊन सांगितलं. यापेक्षा स्पष्ट काय सांगणार?

तरी शब्द देण्याआधी तातूला दाखवावं असं त्याला वाटलं. अंगावर कांगा ओढून ती आली. तिने ठसा पाहिला, रडली नाही. बोटांच्या टोकांनी त्या आखूड बोटाला हात लावला आणि तशीच उभी राहिली.

"त्यांचाच आहे," ती म्हणाली.

"आतून आहे, तातू. म्हणजे तो गेला. आता माझ्या मनात किंतु नाही. मी म्वालिमूंना शब्द देतो."

तातू फुग्यांकडेच पाहत होती.

"भावजी, पण टेकवलेला हात असा दिसतो का हो?"

"म्हणजे?"

तिने झाडाच्या बुंध्याला पंजा टेकवून दाखवला. मग तोच पंजा जोर लावून दाबला. बोटं फाकली, तळवा पसरला, मनगटाजवळचा भाग रुतला.

"असा आहे तो," ती म्हणाली. "ढकलल्यासारखा."

कोंबोने मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"तुझं काय म्हणणं आहे? शब्द देऊ नको?"

तातूने बुंध्यावरचा पंजा काढून घेतला. "द्या," ती म्हणाली. "माझ्यात आता दम नाही उरला."

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर अथुमानीची, समोर देह नसलेली, जनाज्याची नमाज झाली. म्वालिमू चांदे यांनी ती पढवली. नंतर जे करतात ते मात्र त्यांना पसंत नव्हतं. समुद्रात गेलेल्याचा रिकामा जनाजा गाडीतून कबरस्तानापर्यंत नेऊन परत आणायचा, ही गावच्या कोळ्यांची जुनी रीत. "धर्मात असलं काही सांगितलेलं नाही," असं म्वालिमू दर वेळी म्हणत, आणि दर वेळी मागोमाग चालत.

आणि रिकाम्या जनाज्यावर चेष्टेकरी झोपतो, हीही रीत. मेलेल्याची जागा तो भरतो, आणि वाटेत आतून ओरडून लोकांना हसवतो. अथुमानीचा चेष्टेकरी सेफू. म्हणून गाडी चालवायला कोंबो बसला.

"नीट चालव हं, टकल्या!" आत शिरताना सेफू ओरडला. "मेलेल्याची हाडं मोडशील, भरपाई घेईन!"

लोक हसले. बाहेरून कुणीतरी कडी लावली.

कोंबोने पत्रा आदल्या दिवशी पुन्हा साफ करून रंगवला होता. गुळगुळीत, पांढरा. माणसं दोन्ही अंगांनी आली, ज्याने त्याने तळवा टेकवला, आणि गाडी माणसाच्या चालीने निघाली.

"ए, एवढं हळू?" आतून सेफूचा आवाज. "मी होडीने गेलो ते यापेक्षा लवकर बुडलो!"

हशा झाला. एक म्हातारा डोळे पुसत हसला. अथुमानी असाच बोलत असे.

"तातूला सांगा, कढीत मीठ कमी घाल! मी पोटभर खारं पाणी पिऊन आलोय!"

पुन्हा हशा.

मग नारळाची बाग लागली, सावली आली, आणि आतला आवाज थांबला. लोकांना वाटलं, पुढचा विनोद जुळवतोय. कोंबो वाट पाहत राहिला. गाडीचं ओझं त्याच्या हातापायांना ओळखीचं होतं. सेफू काटकुळा माणूस. पण खड्ड्यातून जाताना मागचे स्प्रिंगचे पाटे जनाज्यावर मयत असावं तसे दबले.

"सेफू?" त्याने मागे वळून हाक मारली.

त्याने गाडी आणखी हळू केली.

बाहेरून चालणाऱ्यांपैकी एकाने पत्र्यावरून हात काढून घेतला आणि लुंगीला पुसला. मग पुन्हा लावला.

कबरस्तानाच्या फाटकापाशी कडी काढली.

सेफू दाराशीच बसला होता. गुडघे छातीशी, पाठ दाराच्या चौकटीला रेटलेली. लोकांना हीही नक्कल वाटली. कुणी टाळी वाजवली.

तो उतरला. जनाज्यावर चादर सपाट होती, सुरकुतीही नव्हती.

"झोपला होतास ना?" कोंबोने हळूच विचारलं.

सेफू त्याच्याकडे न बघता म्हणाला, "नाही झोपलो."

"का?"

"जागा नव्हती."

म्वालिमूंनी दुआ मागितली. माणसांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले. सेफू गाडीत बसायला तयार होईना. "तू जा," एवढंच म्हणाला आणि नारळाच्या बागेतून पायी निघून गेला. फेंगडा न चालता, भराभर.

परतताना कोंबोने मागचं दार लावलं नाही. उघडं दार प्रत्येक खड्ड्याला आपटत होतं. गाडी हलकी झाली होती.

झाडाखाली येऊन त्याने डावा पत्रा पाहिला. रंग निर्मळ होता. तळव्यांचे ओशट डाग पाण्याने पुसले. खाली काही नव्हतं. तरी त्याने तिथे गाल टेकवून उन्हाच्या तिरपीत पाहिलं, फुगा असला तर अशाने दिसतो. नव्हता. एवढं गुळगुळीत काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. काहीतरी सुटलं, असं त्याला वाटलं. कुणी तरी मोकळं झालं. तातू असेल. आपण असू.

ऊन उतरल्यावर तो तातूकडे गेला. आंगणाच्या पायरीशी थांबून खोकला. इद्दतीतली बाई परपुरुषाला तोंड दाखवत नाही. दारात जाड पडदा सोडला होता, आणि आत तिने पांढरं नेसलं असणार.

"तातू, झालं सगळं. नीट पार पडलं."

"बरं झालं," पडद्याआडून आवाज आला. आवाज थकलेला, पण आतून सैल झालेला. कित्येक महिन्यांत त्याने तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "पण हे सांगायला दोनदा कशाला आलात, भावजी?"

"दोनदा?"

"मघाशी आलात ना. इथे ओसरीवर बसलात. पाणी मागितलंत."

 मघाशी कोंबो कबरस्तानात होता. गावातले सगळे पुरुष कबरस्तानात होते.

"मी पडद्याखालून पेला सरकवला," तातू म्हणाली. "मग आणखी मागितलंत. पुन्हा आणखी. मी मनात म्हटलं, भावजींनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलेलं दिसत नाही." ती थांबली. "तुम्हीच होतात ना?"

आवाज अगदी साधा होता. पण पडद्याच्या कडेला तिची बोटं दिसली, आणि ती कापड घट्ट धरून होती.

दोघा भावांचा आवाज सारखा होता, हे आई हयात असताना तीसुद्धा म्हणे. अंधारात कोण आलं ते कळायचं नाही तिला.

एका 'नाही'ने सगळं परत पहिल्यासारखं झालं असतं. नमाज, इद्दत, ब्वेनीचं स्थळ. तातू उद्या सकाळी उठून पुन्हा ठरवत बसली असती.

"मीच होतो," कोंबो म्हणाला.

बोटं सैल झाली.

"मग इतके भिजला कशाने होतात? ओसरीवर केवढं पाणी सांडलंय, बघा. पाऊस तर नाही."

"गाडी धूत होतो."

"बरं." आत भांड्याचा आवाज झाला. पडद्याखालून पेला बाहेर आला, मागोमाग पाण्याचा तांब्या. "मग हा भरून ठेवा तिथेच. येईन म्हणालात ना, परत तहान लागली की."

कोंबोने पेला उचलला. काठावरून ओघळलेले थेंब वाळून पांढरे झाले होते. त्याने ते आपल्या कुडत्याला पुसले, पेला काठोकाठ भरला, आणि येणाऱ्याच्या हाताला लागेल असा पायरीच्या कडेला ठेवला.